फुली: प्रभादेवीच्या एका इमारतीतल्या चिकटपट्टीचं प्रकरण

काच पुसणाऱ्याला गिऱ्हाईक बोलावतं ते सहसा धुळीसाठी. या सोसायटीनं मला बोलावलं ते फुल्यांसाठी.

प्रभादेवीत समुद्राकडे तोंड करून उभी असलेली इमारत. खाली पार्किंग, वर तेरा मजले, मजल्याला दोन घरं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या बाजूला किनाऱ्यावर आलं. त्याच्या आदल्या संध्याकाळी मुंबईत घरोघरी खिडक्यांच्या काचांवर पट्ट्या चिकटवल्या जात होत्या. खोकी बंद करायची ब्राउन टेप, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, फुलीसारखी. वादळानं मुंबईला बगल दिली. काहींनी दुसऱ्या दिवशी पट्ट्या ओढून काढल्या, काहींनी 'पावसाळा जाऊ दे' म्हणून ठेवल्या, काही घरं लॉकडाउनमुळे कुलूपबंदच होती. पुढच्या वर्षी १७ मे ला तौक्ते आलं आणि जुन्या फुल्यांशेजारी नव्या लागल्या. गॅलरीच्या सरकत्या दारांना तर बऱ्याच जणांनी बाहेरून पट्ट्या मारल्या होत्या. वारा बाहेरून येणार, मग टेप आत लावून काय उपयोग, असा त्यामागचा हिशोब.

टेपनं काच मजबूत होत नाही, हे सांगून टाकतो. फुटायची ती फुटतेच, फक्त पट्टीला लटकलेले मोठे तुकडे खाली येतात. पण त्या संध्याकाळी हे कोणाला ऐकायचं होतं!

मी पोचलो तो २०२१ चा ऑक्टोबर. दिवाळी ४ नोव्हेंबरला, आणि सेक्रेटरी काकांना काचा त्याआधी हव्या होत्या. सव्वीसपैकी सतरा घरांत फुल्या. एरवी मी काच, माणसं आणि दिवस मोजून भाव सांगतो. इथे सांगवेना, कारण काचेवर नेमकं काय आहे तेच कळत नव्हतं. म्हणून काकांकडे एक दिवस मागून घेतला, फक्त बघायला.

त्या दिवशी जे दिसलं ते असं. खोल्यांच्या आतल्या बाजूच्या पट्ट्या तशा बऱ्या अवस्थेत होत्या. ओढल्या की प्लास्टिक निघत होतं आणि मागे पिवळट चिकट थर राहत होता. गॅलरीतल्या बाहेरच्या पट्ट्यांचं प्लास्टिक मात्र उन्हानं पार गेलं होतं. नखानं उचललं की माशाच्या खवल्यासारखे कपचे हातात येत आणि खालचा गोंद कुठे कडक पापुद्र्यासारखा, कुठे अजून चिघळलेला. एकाच फुलीत दोन गोंद. याचं कारण सरळ आहे. स्वस्त ब्राउन टेपमध्ये बहुधा दोनपैकी एक गोंद असतो, रबरी नाहीतर अॅक्रिलिक. रबरी गोंद उन्हात हवेशी भांडून कडक आणि ठिसूळ होतो. अॅक्रिलिक ऊन सोसतो, वर्षानुवर्षं तसाच चिकट राहतो. दोन वादळांत लोकांनी दोन दुकानांतून टेप आणली होती.

त्यात आणखी भर. आदल्या हिवाळ्यात इमारतीचं प्लास्टर आणि रंगकाम झालं होतं आणि रंगाऱ्यांनी चौकटींच्या कडेनं लावलेली मास्किंग टेप तशीच ठेवून ते गेले होते. ही टेप थोड्या दिवसांसाठीच असते. पाऊस आणि ऊन खाल्ल्यावर तिचा कागद आणि गोंद मिळून एक नवाच पदार्थ तयार होतो. तीन घरांत जुनी, फुगे आलेली सनफिल्म. एका घरात गणपतीच्या मखरासाठी काचेवर लावलेली दुहेरी फोम टेप. आणि जवळजवळ प्रत्येक मुलांच्या खोलीत स्टिकर.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजी माझ्यामागे मागे फिरत होत्या. "एकाहत्तरच्या लढाईत आम्ही काळे कागद लावले होते काचांना. ब्लॅकआउट असायचा ना. खळ लावून चिकटवलेले. लढाई संपली, गरम पाणी मारलं, एका दुपारी सगळ्या खिडक्या मोकळ्या. तुमचं हे काय रे, दोन-दोन वर्षं?" आजींचं बरोबर होतं. मैद्याची खळ पाण्यात बनते आणि पाण्यातच सुटते. गोंद ज्यात विरघळलेला असतो त्याच जातीच्या द्रवानं तो सुटतो, ही या धंद्यातली पहिली गोष्ट आहे आणि ती आजींना माझ्या आधी माहीत होती.

आता बाटल्यांकडे वळतो. चौथ्या मजल्यावरच्या एका घरानं स्वयंपाकघराची एक काच चाचणीला दिली. तिच्यावरच्या गोंदाचे आम्ही सहा चौकोन पाडले आणि सहा द्रव लावले. साबणपाणी, आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, अॅसिटोन, टर्पेंटाइन, संत्र्याच्या सालीचं सॉल्व्हेंट, आणि मामांच्या आग्रहास्तव घासलेट. मामा माझ्याकडचे सगळ्यात जुने कारागीर. त्यांच्या मते जगातला कुठलाही डाग घासलेटनं जातो, आणि न गेलाच तर तो डाग नव्हेच.

साबणपाण्यानं टेपच्या गोंदाला काहीच केलं नाही. आयपीएनं गोंद अंगठ्याखाली वळवटासारखा गोळा व्हायला लागला, पण काम हळू, आणि काच तापलेली असेल तर लावता लावता उडून जाई. अॅसिटोननं पहिल्या दहा सेकंदांत सगळ्यांना जिंकलं. गोंद डोळ्यांदेखत वितळला. मग तो पसरला, आणि पसरल्या जागी तितक्याच वेगानं सुकला. दोन इंचांच्या पट्टीचा सहा इंचांचा धुरकट पडदा झाला, आणि तो मूळ पट्टीपेक्षा काढायला अवघड होता.

इथे वाफेचं गणित आहे. अॅसिटोन ५६ अंशांना उकळतं, आयपीए ८२ ला, संत्र्याचं सॉल्व्हेंट, म्हणजे लिमोनिन, १७६ ला. पश्चिमेकडची काच ऑक्टोबरच्या दुपारी अशी तापते की हात ठेववत नाही. तिथे अॅसिटोनला गोंदात शिरायला वेळच मिळत नाही. वर वर विरघळवतो आणि पळतो. गोंदाचा थर सुटायचा असेल तर द्रवानं आत मुरून तो फुगवायला हवा, आणि त्याला मिनिटं लागतात, सेकंद नाही. टर्पेंटाइन आणि लिमोनिनच्या चौकोनांवर मामांच्या भाचीनं स्वयंपाकघरातलीच क्लिंग फिल्म चिकटवली, कडा दाबल्या आणि आम्ही चहा घेतला. दहा मिनिटांनी फिल्म काढली तर गोंद जेलीसारखा थलथलीत झालेला. प्लास्टिकच्या पट्टीनं एका फटक्यात लोळी निघाली. घासलेटनंही साधारण तेच केलं, पण घराला त्याचा वास दोन दिवस आला. घरमालकीणबाईंनी तो फोनवर दोन्ही दिवस कळवला.

टर्पेंटाइनबद्दल एक खुलासा. हार्डवेअरच्या दुकानात टर्पेंटाइन म्हणून मिळतं ते चीडाच्या झाडाचं तेल नव्हे, मिनरल टर्पेंटाइन असतं, पेट्रोलियमचं. रंगारी ब्रश धुतात ते. स्वस्त, सगळीकडे मिळणारं, आणि रबरी गोंदावर लिमोनिनच्या फार मागे नाही. लिमोनिन कितीतरी पट महाग. मी ते मशीद बंदरला वडगादीतून आणलं. त्याचे फायदे दोन. वास माणसाला सहन होतो, आणि जेलच्या रूपात मिळतं तेव्हा उभ्या काचेवर ओघळत नाही. तोटा असा की बाटली उघडी पडून जुनी झाली की हवेनं त्यात असे पदार्थ तयार होतात जे कातडीला खाज-पुरळ आणतात. मी बाटलीवर उघडल्याची तारीख लिहितो आणि मुलांना नायट्राइलचे हातमोजे देतो. हेच मोजे अॅसिटोनला मात्र टिकत नाहीत, पाच-दहा मिनिटांत फुगून मऊ पडतात. हातमोजा आहे म्हणजे हात सुरक्षित, असं धरून चालणारे कारागीर मी खूप पाहिलेत.

इथवर सगळं सोपं होतं. जेल लावा, झाका, थांबा, खरवडा. मग मी कडेला पोचलो.

त्याच चाचणीच्या काचेवर अॅसिटोनचा एक थेंब ओघळला. मीच लावत होतो, मीच बघत होतो. काचेवरून सरळ रेषेत खाली, आणि खालच्या अॅल्युमिनियमच्या चौकटीवर जाऊन थांबला. चौकटीला चॉकलेटी पावडर कोटिंग होतं. मी लगेच पांढऱ्या फडक्यानं टिपला. फडक्यावर चॉकलेटी रंगाचा ठसा आला. चौकटीवर बोटाएवढी जागा निस्तेज झाली, आजूबाजूची चमक तशीच. कोरड्या फडक्यानं घासून बघितलं, ओल्या फडक्यानं बघितलं, मेणाचं पॉलिश बघितलं. ती जागा आजही तिथे आहे. घरमालकीणबाईंना मी ती स्वतः दाखवली, आणि शेवटच्या बिलातून तेवढी रक्कम वळती केली. त्या म्हणाल्या, "दाखवलं नसतंत तर मला दिसलंही नसतं." दिसलं असतं, दिवाळीची साफसफाई करताना.

म्हणजे चौकटीला अॅसिटोन आणि थिनर चालत नाही. मग कडेलाही टर्पेंटाइन किंवा लिमोनिनच वापरू, असं कोणीही म्हणेल. पण काच आणि चौकट यांच्यामध्ये काळी रबरी पट्टी असते, गॅस्केट, बहुधा ईपीडीएम रबराची. हे रबर पाऊस-ऊन वर्षानुवर्षं झेलतं, अल्कोहोलला आणि अॅसिटोनलाही दाद देत नाही, पण पेट्रोलियमच्या आणि लिमोनिनसारख्या द्रवात फुगतं. फुगलेलं गॅस्केट खोबणीतून बाहेर येतं, सुकल्यावर आखडतं, आणि पुढच्या पावसाळ्यात खिडकी गळायला लागते. काही ठिकाणी गॅस्केटऐवजी सिलिकॉन सीलंट असतं, तेही याच द्रवांत फुगतं. चौकट एकाला घाबरते, रबर दुसऱ्याला. आणि मास्किंग टेप तर नेमकी तिथेच होती, दोघांच्या मध्ये.

मुंबईतल्या अर्ध्या काच पुसणाऱ्यांकडे एकच बाटली असते आणि ती ते सगळीकडे मारतात, याचं मला त्या दिवसापर्यंत काही वाटत नव्हतं. शेवटी आम्ही ठरवलं असं: काचेच्या मधल्या भागाला लिमोनिनचं जेल, कडेपासून दोन बोटं अंतर सोडून. त्या दोन बोटांच्या पट्ट्यात फक्त आयपीए, तेही बाटलीतून फवारून नाही. फडक्याला लावून, फडकं काचेवर दाबून ठेवून, सुकलं की पुन्हा ओलं करून. वेळ तिप्पट लागला. कडेची ती दोन बोटं आमची अर्धी मजुरी खाऊन गेली. पण पश्चिमेच्या काचांवर पहाटेपासून अकरापर्यंतच काम करायचं ठरवल्यामुळे काच थंड असे आणि आयपीएला थोडा दम मिळे. दुपारी आम्ही पूर्वेच्या खिडक्या घ्यायचो.

आगीचं वेगळं सांगायला नको, तरी सांगतो, कारण घरात काम करणं आणि साइटवर काम करणं यांत फरक आहे. आयपीएची वाफ १२ अंशांनाच पेट घेऊ शकते, अॅसिटोनची उणे २० ला. म्हणजे मुंबईत वर्षाचे सगळे दिवस. ही वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत सरकत जाते आणि स्वयंपाकघरातला शेगडीचा जाळ तिला सापडतो. लिमोनिनचा तो आकडा ४८ च्या आसपास, म्हणून ते जरा गरीब, पण गरीब म्हणजे निर्धोक नव्हे. पाचव्या मजल्यावर देवघर खिडकीलगत होतं आणि समई तेवत होती. समई विझवा असं कसं म्हणणार. मामा दारातूनच म्हणाले, "काकू, तासाभरासाठी समई शांत कराल का? काम झालं की मी स्वतः लावून देतो." काकूंनी केली. संध्याकाळी मामा हात धुऊन आले आणि खरंच लावून गेले. वापरलेली फडकी आम्ही झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घालून रोज खाली नेत होतो. सोसायटीच्या कचऱ्यात ती टाकली तर पहिला फोन वॉचमनला येतो, दुसरा आपल्याला.

सनफिल्मचं प्रकरण सुखाचं निघालं, आणि ते आजींच्या मार्गानं. फिल्मचं वरचं प्लास्टिक कोपऱ्यातून उचलून ओढून काढलं. मागे जो गोंद राहिला त्यावर साबणपाण्यात भिजवलेले वर्तमानपत्राचे कागद चिकटवले आणि तासभर पाणी मारत ओले ठेवले. फिल्मच्या काही गोंदांना पाणी चढतं, ते दुधासारखे पांढरे होऊन सुटतात. हे तसे होते. तिन्ही घरांत रसायनाचा एक थेंब लागला नाही. गाड्यांच्या गॅरेजवाल्यांना ही युक्ती केव्हापासून पाठ आहे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं गाड्यांच्या काचांवरच्या काळ्या फिल्मला मनाई केली तेव्हा मुंबईभर गाड्यांच्या काचा ओल्या कागदांनी झाकलेल्या मी पाहिल्या होत्या. मखराची फोम टेप आम्ही मासे धरायच्या नायलॉन दोऱ्यानं कापली. दोन टोकं हातांत धरून करवतीसारखी मागे-पुढे. मग उरलेल्या फोमवर जेल. स्टिकरना खोबरेल तेल पुरलं. मामांना वाईट वाटलं.

पात्याबद्दल बोललो नाही अजून. काच घासायचं पोलादी पातं साध्या काचेवर चालतं. काच साबणपाण्यानं ओली हवी, पातं नवं हवं, आणि फक्त पुढे ढकलायचं, मागे ओढायचं नाही. समुद्रासमोरच्या काचेवर आधी भरपूर साधं पाणी, कारण तिच्यावर मीठ आणि वाळूचे कण बसलेले असतात आणि पात्याखाली तेच काचेला ओरखडतात. पण गॅलरीच्या दारांच्या कोपऱ्यात टफन, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेल्या काचेचा शिक्का होता. टफन काच भट्टीतून निघताना तिच्या पृष्ठभागावर काचेचेच सूक्ष्म कण चिकटून राहिलेले असू शकतात. पातं ते उखडतं आणि काचभर ओढत नेतं. मग जे ओरखडे येतात ते सकाळी दिसत नाहीत, संध्याकाळच्या तिरक्या उन्हात शंभरानं दिसतात. कान लावला तर कळतं: पातं साध्या काचेवर सुळकन जातं, अशा काचेवर बारीक खर्र आवाज येतो. आवाज येईपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून टफनवर आम्ही प्लास्टिकचंच पातं नेलं.

गोंद निघाला की काम संपतं असं वाटतं. तिथून खरं तर दुसरा डाग सुरू होतो, आणि तो आपणच लावलेला असतो. लिमोनिन आणि टर्पेंटाइन मागे तेलकट पापुद्रा ठेवतात. कोलिन मारून पुसलं की तात्पुरता चमकतो आणि दुसऱ्या दिवशी त्यावर धूळ बसते. भांडी घासायचं साबण गरम पाण्यात घालून दोनदा धुणं, मग साधं पाणी, मग रबरी वायपर, आणि शेवटी आयपीएचं एक फडकं. जो वायपर तेलकट काचेवर फिरला तो दुसऱ्या काचेवर न्यायचा नाही. एका सकाळी मी हे विसरलो आणि सातव्या मजल्याच्या पाच स्वच्छ काचा पुन्हा धुतल्या.

बाविसाव्या दिवशी, लक्ष्मीपूजनाला चार-पाच दिवस उरले असताना, सेक्रेटरी काकांनी मला नवव्या मजल्यावरच्या गॅलरीत बोलावलं. दुपारचे साडेचार. ऊन दारावर तिरकं पडलं होतं. "फुली आहे तशीच आहे," ते म्हणाले.

होती. सरकत्या दाराच्या दोन्ही पाखांवर, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, स्वच्छ दिसत होती. मी बोट फिरवलं, चिकटलं नाही. मुलांना हाक मारली, त्यांनी पुन्हा जेल लावलं, झाकलं, धुतलं. फुली तशीच. दुसऱ्या दिवशी टर्पेंटाइन. तशीच. अॅसिटोनच्या डब्याकडे माझा हात गेला होता हे कबूल करतो. डाग जात नाही म्हणजे बाटली कमजोर, हा विचार किती पटकन येतो बघा. मग मामांनी काचेवर तोंडानं वाफ सोडली.

वाफ फुलीवर सारखी बसली आणि सारखी उडाली. तेल असतं तर तिथे वाफेची वेगळी आकृती दिसली असती. मग त्यांनी साधं पाणी फवारलं. फुलीच्या पट्ट्यात पाणी पसरून एकसंध थर झाला, जसं नव्या काचेवर होतं. फुलीच्या बाहेर मात्र ते तुटक तुटक, ठिपक्याठिपक्यांनी थांबलं. मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "दादा, फुली साफ आहे. बाकीची काच घाण आहे."

दीड वर्ष टेपनं त्या पट्ट्याखालची काच जपली होती. भोवतालच्या काचेनं दोन पावसाळे, समुद्राचं मीठ आणि वरच्या नव्या प्लास्टरवरून उतरलेलं पाणी झेललं होतं. सिमेंटवरून वाहून आलेलं पाणी अल्कधर्मी असतं आणि ते काचेला खातं. नुसतं पाणीसुद्धा काचेवर साचून राहिलं तर तिच्यातला सोडियम ओढून घेतं, त्यानं स्वतः अल्कधर्मी होतं आणि मग तिचा पृष्ठभाग खायला लागतं. आम्ही नको त्या जागी दोन दिवस रसायन ओतत होतो. काढायला तिथे काही नव्हतंच.

एका विक्रेत्यानं याच सुमारास मला डाग काढायचं एक द्रव देऊ केलं. "लावा आणि धुवा, कुठलाही पांढरा डाग जातो." मी आतलं रसायन विचारलं. फ्लोराइडचं आम्ल होतं. ते जातं हे खरं, कारण ते काचच खातं. पण हायड्रोफ्लोरिक आम्ल कातडीतून आत शिरून शरीरातल्या कॅल्शियमवर जातं, आणि सौम्य असलं तर भाजल्याचं पहिले काही तास कळतही नाही. लहान मुलांच्या गॅलरीत, दिवाळीच्या आठवड्यात. मी ते परत पाठवलं.

आधी पांढऱ्या व्हिनेगरनं क्षाराचे ठिपके गेले. उरलेला धुरकटपणा काचेतच होता, त्याला सेरियम ऑक्साइड लागलं. फिकट भुकटी पाण्यात कालवून, नमद्याच्या चकतीनं, मशीनचा वेग कमी ठेवून, काच सतत ओली. कोरडी पडली तर एका जागी तापते. पहिल्यांदा तळहाताएवढाच चौकोन केला, काकांना संध्याकाळच्या उन्हात दाखवला, मग दार घेतलं. एका पाखाला अर्धा दिवस गेला. हे काम फुलीच्या भावात बसत नव्हतं आणि मी ते तसं स्पष्ट सांगितलं. सहा घरांत हा प्रकार निघाला. चौघांनी जास्तीचे पैसे दिले. एकानं सांगितलं, पडदा लावतो.

सहाव्या होत्या तिसऱ्या मजल्याच्या आजी. त्यांना मी वाफेची आणि पाण्याची परीक्षा दाखवली, टेपनं काच वाचत नाही हेही पुन्हा सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "राहू दे रे. पुढच्या वादळाला पट्टी कुठे लावायची ते तरी कळेल."

हिशोब केला तेव्हा द्रवांचा खर्च एकूण बिलाच्या मानानं किरकोळ निघाला. मजुरी, त्यातही कडेच्या दोन बोटांची मजुरी, हाच मोठा आकडा. लिमोनिनऐवजी मिनरल टर्पेंटाइन वापरलं असतं तर द्रवाचे पैसे वाचले असते, आणि बंद घरांत मी आता तेच वापरतो. माणसं राहत असलेल्या घरात नाही.

पुढच्या जुलैमध्ये काकांनी फोनवर फोटो पाठवला. अकराव्या मजल्यावर नवी काच बसवली होती, पावसात तिच्यावर ताटलीएवढे चार गोल उमटत होते आणि ऊन पडलं की नाहीसे होत होते. खाली लिहिलं होतं, 'गोंद राहिलाय का?' मी विचारलं, काच उचलायला रबरी चूषक कप वापरले होते का. होते. मामांना फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून नीट पाहिला आणि घासलेटचं नाव काढलं नाही.